झाड उचलण्यापूर्वी: वादळानंतरच्या घरविम्याविषयी वाचकांचे प्रश्न

नाशिकमध्ये वळवाच्या वादळात गच्च्यांवरचे पत्रे उडाले की साधारण पंधरा दिवसांनी या सदराकडे टपालातली पत्रे येऊ लागतात. यंदाची पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा जाणवली. झालेले नुकसान प्रत्येकाने नीट मोजलेले आहे, काहींनी तर पैशापैशाचा हिशेब जोडला आहे, पण ते नुकसान नेमके कशामुळे झाले याचा पुरावा फारच थोड्यांनी राखला आहे. विमा कंपनी पैसे देते ते पॉलिसीत नाव घेतलेल्या कारणाने झालेल्या नुकसानीचे. त्यामुळे बहुतेक वाद खर्चाच्या आकड्यावर न होता कारणावर होतात. आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या रो-हाउसलगतच्या मोकळ्या भूखंडावरील जुने झाड वादळी रात्री आमच्या आवारात कोसळले. कुंपणाची भिंत सुमारे वीस फूट पडली आणि गच्चीवरील सोलर वॉटर हीटर फुटला. महापालिकेच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी झाड कापून नेले, आम्ही हीटरचा सांगाडा भंगारवाल्याला दिला आणि विटा बाजूला रचल्या. विमा कंपनीला तिसऱ्या दिवशी कळवले. सर्वेक्षक आले आणि म्हणाले की पाहण्यासारखे काही उरलेले नाही. दावा बुडाला असे समजायचे का? (गंगापूर रोड)

उत्तर: बुडालेला नाही, पण तो अवघड करून घेतला आहे. आपण पाठवलेल्या प्रतीवरून आपली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित नमुन्याची आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला हा नमुना देणे बंधनकारक केले आहे आणि त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज, भूकंप, भूस्खलन ही कारणे मुळातच समाविष्ट आहेत. ‘घराची इमारत’ या शब्दाची व्याख्याही त्यात बरीच मोठी आहे. गॅरेज, कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची पक्की टाकी आणि सौर पॅनेल हे सारे इमारतीचेच भाग मानले जातात. म्हणून भिंत आणि हीटर या दोन्हींचा दावा आपण इमारतीच्या विम्यातूनच मांडावा. पुष्कळ लोक केवळ ‘घराला काही झाले नाही, कुंपणच पडले’ अशा समजुतीने दावा करीतच नाहीत.

आता पुराव्याविषयी. झाड हलवले गेले तरी त्याची नोंद हललेली नाही. आपण महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, किंवा अग्निशमन दल आले असल्यास त्यांच्याकडे, त्या तारखेच्या कामाची नोंद लेखी अर्ज करून मागावी. शेजाऱ्यांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मूळ फाइलच्या स्वरूपातच घ्यावीत, कारण एकमेकांना पाठवताना त्यांतील तारीख-वेळ बहुधा पुसली जाते. भिंतीचा पाया अजून जागेवर असेल. तो टेपने मोजून, गवंड्याकडून लांबी, उंची आणि जाडी लिहिलेले अंदाजपत्रक घ्यावे. हीटर बसवणाऱ्याचे जुने बिल मिळवावे आणि भंगारवाल्याकडून वजनाची पावती मिळत असल्यास तीही जोडावी. रचून ठेवलेल्या विटा मात्र आता हलवू नयेत. त्या दिवसाच्या स्थानिक वृत्तपत्रात आपल्या परिसरातील पडझडीची बातमी असेल तर तिचे कात्रणही उपयोगी पडते. एकट्या कात्रणावर दावा उभा राहत नाही, पण वादळ झालेच नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

झाड दुसऱ्याच्या जागेतील होते म्हणून कंपनी आपल्याला त्या मालकाकडे धाडू शकत नाही. कंपनीने आधी आपली भरपाई करायची आणि मालकाचा निष्काळजीपणा असेल तर त्याच्याकडून वसुलीचा हक्क कंपनीने वापरायचा, असा क्रम आहे. याच कारणासाठी, दावा मिटेपर्यंत भूखंडाच्या मालकाला ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून देऊ नये. आपल्याकडे शेजारधर्मापोटी असे कागद सहज दिले जातात आणि त्यामुळे कंपनीचा वसुलीचा हक्क जातो, तसाच आपला दावाही अडतो.

मलबा हटवण्याचा खर्च या पॉलिसीत दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता वगैरेंचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळते. आपला दावा १,८०,००० रुपयांचा असेल तर मलब्यासाठी जास्तीत जास्त ३,६०० रुपये होतात. एवढ्यात मोठे खोड हलत नाही हे मला ठाऊक आहे. तरतूद एवढीच आहे. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो, तेव्हा बाकीचे कागद गोळा होईपर्यंत तो रोखून धरू नये.

पुढच्या वेळेसाठी एक सूचना. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कर्तव्यच आहे. उघड्या पडलेल्या भागावर ताडपत्री घालावी, तिचे बिल ठेवावे, पण त्याआधी खोड भिंतीवर टेकलेले दिसेल असे लांबून एक आणि जवळून दोन छायाचित्रे घ्यावीत. तुटलेल्या वस्तू सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय देऊन टाकू नयेत, भंगाराला दोनशे रुपये जास्त मिळत असले तरी.

प्रश्न: आमची सदनिका शेवटच्या मजल्यावर आहे. वादळी पावसात दोन खोल्यांच्या छतातून पाणी उतरले, पीओपी पडले, पलंग आणि कपाट फुगले. सर्वेक्षकांनी ‘जुनी गळती’ असा शेरा मारला. पाऊस वादळाचा होता, मग गळती जुनी कशी? (इंदिरानगर)

उत्तर: स्पष्ट लिहितो: आपला छताचा दावा दुबळा आहे, सामानाचा तुलनेने बरा आहे. याचे कारण नीट समजून घ्यावे, कारण नाशिकमधील निम्मी तरी पत्रे याच विषयाची असतात.

विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो. वर्षानुवर्षे झिजणे, भेगा पडणे, कोबा उखडणे आणि त्यातून पाणी झिरपणे हे पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेले असते. आधीपासून सच्छिद्र झालेल्या स्लॅबमधून जोराच्या पावसात पाणी उतरले तर पाऊस केवळ निमित्त ठरतो आणि कारण मानली जाते ती झीज. याउलट, वाऱ्याने टाकीचे झाकण किंवा शेजारच्या इमारतीचा पत्रा उडून आपल्या गच्चीवर आदळला, त्याने पॅरापेट किंवा कोबा फुटला आणि त्या फुटीतून पाणी आत आले, तर कारण वादळ आहे. पाणी दोन्ही प्रसंगी सारखेच गळते. म्हणून ते कोठून आले हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी खोलीतील छायाचित्रांपेक्षा गच्चीवरील छायाचित्रे महत्त्वाची ठरतात. आपण पाठवलेल्या अकरा छायाचित्रांत गच्चीचे एकही नाही.

सर्वेक्षक छताकडे पाहताना पिवळट कडा असलेली वलये, रंगाचे पापुद्रे आणि गंजलेल्या सळईमुळे उतरलेले तांबूस डाग शोधतो. ही जुन्या ओलीची लक्षणे आहेत. ती आपल्या छायाचित्रांतही दिसतात, निदान मागच्या खोलीत. पुढच्या खोलीत मात्र डाग स्वच्छ आणि भिंतीलगतच आहे. त्या खोलीपुरता आपला आग्रह धरावा. दिवाळीत किंवा घरातल्या एखाद्या कार्याच्या वेळी काढलेल्या फोटोत त्या खोलीचे कोरडे छत दिसत असेल तर त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. सोसायटीने वॉटरप्रूफिंग केव्हा केले याचे बिलही मागून घ्यावे.

दुसरी बाजू सोसायटीची. गच्ची ही सोसायटीची असते आणि गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने स्वखर्चाने करायची असते. हेच उपविधी इमारतीचा आग आणि भूकंप यांपासूनचा विमा आवश्यक मानतात. वादळ व पूर यांचा उल्लेख तेथे नाही. आपल्या सोसायटीची पॉलिसी कोणत्या कारणांसाठी आहे हे सचिवांकडून प्रत मागवून पाहावे आणि येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा. हप्ता सदनिकांच्या बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम सहसा फार नसते.

प्रश्न: वीज कोसळली त्या रात्री टीव्ही, फ्रिज आणि इन्व्हर्टर जळाले. पॉलिसीत ‘वीज कोसळणे’ असे छापलेले असताना दावा नाकारला. ही फसवणूक नाही का? (सातपूर)

उत्तर: फसवणूक म्हणता येणार नाही, पण छापील शब्दांची रचना वाचकाला चकवणारी आहे हे मान्य करतो. वीज हे समाविष्ट कारण आहेच. मात्र त्याच पॉलिसीत पुढे असे वगळलेले असते की विद्युत उपकरणाचे शॉर्टसर्किट, अतिदाब किंवा विद्युतगळती यांमुळे झालेले नुकसान, मग त्यामागे कोसळणारी वीज का असेना, मिळणार नाही. हे अपवादाचे कलम फक्त त्या उपकरणापुरते लागू होते. टीव्हीत ठिणगी पडून शेजारचा पडदा आणि लाकडी युनिट पेटले असते, तर टीव्ही वगळून बाकीचे मिळाले असते. वीज थेट इमारतीवर पडून भिंत तडकली किंवा वायरिंगलगतचा गिलावा उडाला असेल, तर तो इमारतीचा दावा वेगळा मांडावा. आपल्या पत्रात ‘जिन्याजवळ भिंत काळी पडली’ असा ओझरता उल्लेख आहे, तो आपण दाव्यात घेतलेलाच दिसत नाही. उपकरणांसाठी विद्युत बिघाडाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

प्रश्न: गृहकर्ज घेताना बँकेने विम्याचे पैसे कर्जातच कापले होते. आता घराचे नुकसान झाल्यावर विचारले तर शाखेत सांगतात की तो विमा घराचा नाहीच. (नाशिकरोड)

उत्तर: शाखेचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मोठी आहे. कर्जासोबत दिला जाणारा विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो: कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेले कर्ज फिटते. घर पडले, भिजले किंवा वाहून गेले तरी त्याचा काही उपयोग नसतो. आपल्याकडील प्रमाणपत्रावर विमा कंपनी आयुर्विम्याची आहे की सर्वसाधारण विम्याची, एवढे पाहिले तरी उलगडा होईल. प्रमाणपत्र नसेल तर कर्ज मंजुरीपत्रात त्या कपातीसमोर लिहिलेले योजनेचे नाव पाहावे.

घराचा विमाही काढलेला निघाला तर त्यात बँकेचे नाव असते आणि दाव्याची रक्कम बँकेमार्फत येऊ शकते. ती कर्जखात्यात वळती न करता दुरुस्तीसाठी द्यावी, अशी विनंती शाखेला दाव्याच्या सुरुवातीलाच लेखी करावी.

प्रश्न: आम्ही पंचवटीत नदीजवळ तळमजल्यावर भाड्याने राहतो. गोदावरीचे पाणी घरात शिरले. घर आमचे नाही, मग विमा काढता येतो का? आणि आमच्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला नाही म्हणून काहीच मिळणार नाही, असे लोक सांगतात. (पंचवटी)

उत्तर: भाडेकरूला केवळ सामानाचा विमा काढता येतो आणि तो अवश्य काढावा, पण झालेल्या नुकसानीसाठी तो आता उपयोगी नाही. ६५ मिलिमीटरची गोष्ट शासनाच्या अतिवृष्टीच्या मोजमापाची आहे. खासगी घरविम्याला अशी अट नसते. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले हे आपण नाशिककर पुराचे माप म्हणून सांगतो, पण सर्वेक्षकाला आपल्याच भिंतीवरची गाळाची रेघ टेप लावून दाखवावी लागते. ती पुसण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. शासकीय पंचनाम्यालाही ते लागते.

शासकीय मदतीसाठी महसूल कर्मचाऱ्यांकडून पंचनामा झाला आहे याची खात्री करून घ्यावी. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांत, घर वाहून गेले वा पूर्ण पडले अशा कुटुंबांना कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये ठरवलेले होते. सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, तर किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. या आकड्यांवरूनच विम्याची गरज लक्षात यावी.

पुरासंबंधी आणखी एक मुद्दा विमा असलेल्या वाचकांसाठी. नदीचे पात्र ओलांडून पाणी आले नाही, नुसते पावसाचे साचले, म्हणून तो पूर नव्हे, असे कारण काही वेळा दिले जाते. कोळशाचा साठा जोराच्या पावसात वाहून गेलेल्या एका सिमेंट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पूर आणि जलमय होणे या शब्दांचा इतका आखूड अर्थ स्वीकारला नाही. असे कारण लेखी आले तर उत्तरात या निर्णयाचा उल्लेख करावा.

प्रश्न: गच्चीवरची पत्र्याची शेड उडून शेजाऱ्यांच्या गाडीवर पडली. शेडचे आणि गाडीचे पैसे आमच्या घरविम्यातून मिळतील का? (सिडको)

उत्तर: गाडीचे मिळणार नाहीत. घरविमा आपल्या मालमत्तेचा असतो, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात येत नाही. शेजाऱ्यांचा सर्वसमावेशक वाहन विमा असेल तर त्यांनी तेथे दावा करावा. शेडविषयी सांगायचे तर लोखंडी अँगलवरचे पत्रे म्हणजे ‘कच्चे बांधकाम’ नव्हे. प्रमाणित पॉलिसीतील कच्च्या बांधकामाच्या व्याख्येत गवत, बांबू, फळ्या, प्लॅस्टिक, ताडपत्री असे प्रकार येतात. पण पॉलिसी घेताना भरलेल्या क्षेत्रफळात ही शेड धरलेली नसेल, किंवा ती नंतर विनापरवाना उभारली असेल, तर तिच्यासाठी फार आशा धरू नये.

प्रश्न: २,१०,००० रुपयांचा दावा केला, कंपनीने ६२,००० मंजूर केले आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही मागितली. सही केली तर पुढे भांडता येईल का? हा सगळा प्रकार तीन महिने चालला आहे. (कॉलेज रोड)

उत्तर: आधी ६२,००० हा आकडा कसा आला ते लेखी मागावे, सर्वेक्षण अहवालाच्या प्रतीसह. कपात साधारणपणे चार जागी होते: विमाधारकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वस्तूच्या वयाचा घसारा, भंगाराची किंमत आणि अपुरा विमा. शेवटचे कारण सर्वांत मोठा घास घेते. समजा, घर पुन्हा बांधायला ४० लाख लागतात आणि विमा २० लाखांचाच आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत २ लाखांच्या नुकसानीचेही १ लाखच मिळतील, कारण आपण निम्माच विमा घेतला होता. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ही कपात रद्द केलेली आहे. आपली पॉलिसी त्या नमुन्याची असून हिशेबात ही वजावट दिसली, तर ती चूक आहे. तेथे विम्याची रक्कम चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर अशी ठरते, जमिनीची किंमत त्यात नसते. कॉलेज रोडवरील सदनिका कितीला विकत घेतली याचा तिच्याशी संबंध नाही. घसाऱ्याबाबत मात्र पॉलिसीत पुनर्बांधणीचा खर्च लिहिला आहे की बाजारमूल्य, हे पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही.

मुदतींविषयी: नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्वेक्षकाची नेमणूक कळवल्यापासून २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि कंपनीचा निर्णय अहवालानंतर ७ दिवसांत व्हायला हवा. अहवाल वेळेत मिळवणे ही कंपनीची जबाबदारी आहे, ‘सर्वेक्षकाकडे अडकले आहे’ हे उत्तर चालत नाही. विलंबाबद्दल रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराहून २ टक्के अधिक व्याज मागता येते. तीन महिने गेले असतील तर तक्रारीत ही मागणी स्वतंत्र परिच्छेदात लिहावी. न मागता ते क्वचितच मिळते.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी, सोबत नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या यंत्रणेवर नोंदवावी. तिचा दूरध्वनी क्रमांक १५५२५५ आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. नाशिक जिल्हा पुण्याच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तेथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात, शुल्क नाही, वकील लावता येत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. दुसरा मार्ग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा असून त्याची मुदत दोन वर्षांची आहे. एकच तक्रार दोन्हीकडे एकाच वेळी चालवता येत नाही. रक्कम माफक असेल आणि कागद नीट असतील तर मी आधी लोकपालांकडे जाण्याचा सल्ला देतो, कारण तेथे आपली बाजू आपणच मराठीत सांगू शकतो.

राहिली सही. पावतीवर सही घेतली म्हणून विमाधारकाचा पुढे दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही, असे नियामकाने कंपन्यांना २०१५ मध्येच बजावले आहे. पैशांची निकड असेल तर ६२,००० रुपये घ्यावेत. मात्र सहीच्या वर ‘उर्वरित रकमेबाबतची तक्रार राखून स्वीकारले’ असे स्वहस्ते लिहून तारीख घालावी आणि त्याच दिवशी तीच गोष्ट कंपनीला ई-मेलनेही कळवावी. असे लिहू दिले नाही, तर सही न करता तेवढ्याच मजकुराचे पत्र शाखेत देऊन पोच घ्यावी.